उजवीकडून वाचलेली आजी

महालिंगप्पा पेशकारांना आमच्या गावात कुणी नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. पेशकारसाहेब. बस्स. गाव आमचं बेंबळीच्या पुढं दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतल्या नाती आता स्वतः आज्या झाल्यात आणि त्यांच्या हातात अजून बळ आहे.

पेशकार म्हणजे काय, हे आताच्या लोकांना सांगावं लागतं. निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत हाकिम बसायचा. त्याच्यापुढं कागद मांडायचा, वाचून दाखवायचा आणि हाकिम जे बोलेल ते लिहून घ्यायचा, तो पेशकार. हाकिमाला निम्म्या वेळा डुलकी लागलेली असायची, त्यामुळं निम्मी तहसील आपणच चालवली, असं पेशकार सांगायचे. उरलेली निम्मीही तेच चालवत होते, असं त्यांच्या बायकोचं, शरणव्वाचं, म्हणणं होतं.

माणूस मूळचा उमरग्याकडचा. घरात कानडी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. उर्दू अशी लिहायचे की वाचता न येणारा माणूससुद्धा कागदाकडं बघत बसावा. कानडी फक्त शरणव्वाशी, आणि ती सुद्धा बहुतेक भांडणापुरती. मराठी साऱ्या गावाशी. एवढं सगळं असून एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं.

हे गावात तिघांनाच ठाऊक होतं. एक पेशकार, दुसरी शरणव्वा, आणि शरणव्वा आमच्याकडं पापड लाटायला यायची म्हणून तिसरा मी. "कुणाला बोलू नका" म्हणाली होती. मी बोललो नाही. माझ्या पोटात एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं कशी राहिली, याचं आमच्या घरात अजून नवल करतात. आता दोघंही नाहीत, म्हणून म्हटलं सांगून टाकावी.

जुन्या राजवटीत त्यांचं काही अडलं नाही. कागद उर्दूत यायचा, सारा गाव तो घेऊन त्यांच्या ओसरीवर यायचा. पुढं संस्थान गेलं. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, आणि कचेरीतनं येणारा कागद बालबोध अक्षरांत यायला लागला. पेशकार तोवर नोकरीतनं मोकळे होऊन गावात आलेले. गावाला वाटलं, कागद बदलला तरी पेशकार तेच आहेत. लोक येतच राहिले. आता "मला येत नाही" असं एकदा म्हणायचं, म्हणजे ओसरी रिकामी. वयाच्या साठीत गावातला सगळ्यात शिकलेला माणूस उठून अडाण्यांच्या रांगेत जाऊन बसणार. त्यापेक्षा त्यांनी दुसरी वाट धरली.

कागद हातात घ्यायचे. उजेडाकडं धरायचे. शिक्का बघायचे, बोटांनी कागदाची जाडी बघायचे, वैद्य नाडी बघतो तशी. मग डोळे बारीक करून विचारायचे, "हूं. काय झालं व्हतं तिथं?" समोरचा घाबरून सगळं सांगून टाकायचा. कुणाशी भांडण झालं, बांध कुणी कोरला, म्हैस कुणाच्या रानात गेली. सगळं ऐकून घेतलं की पेशकार मान हलवायचे. "तेच लिवलंय." मराठी आकडे तेवढे त्यांना ओळखीचे होते, त्यामुळं तारीख बिनचूक सांगायचे.

एकदा दगडोबा ईट गावाहून आलेला, लाल शाईत छापलेला जाड कागद घेऊन आला. दगडोबा म्हणजे माझ्या शेजारचा शेतकरी, अंगानं हत्ती आणि काळजानं चिमणी. पेशकारांनी कागद चाचपला आणि म्हणाले, "सरकारी दिसतोय. ईटला हजर व्हायचंय. बारा तारखेला. साऱ्या कुटुंबासकट." दगडोबा बायको आणि दोन साक्षीदार घेऊन ईटला गेला, तर तिथं मांडव. बायकोच्या चुलत भावाच्या पोरीचं लगीन. चौघं जण पोटभर बुंदी खाऊन परत आले. गावात येऊन दगडोबा म्हणतो, "पेशकारसाब म्हनले तसंच झालं. सहकुटुंब हजर व्हा, असंच छापलं व्हतं त्यात." आता याला कोण काय म्हणणार?

हे असं निवांत चाललं होतं. एकसष्ट साली आमच्या शाळेत चंद्रप्रभाबाई आल्या.

बाई तुळजापूरच्या. घरात बारा महिने यात्रेकरू उतरायचे, त्यामुळं अनोळखी चाळीस माणसांना एका वेळी गप्प कसं करायचं, हे त्या शाळेत जायच्या आधीच शिकलेल्या. येताना एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात सोलापुरातनं स्वतः वेचून आणलेली पुस्तकं होती. आडवी, पातळ, पानाला दोन चित्रं शेजारी शेजारी चौकटीत, आणि चित्रातल्या माणसाच्या तोंडापाशी एक फुगा, त्यात त्याचं बोलणं. पोरं त्याला चौकटीची पुस्तकं म्हणायची. जी पोरं हजेरी झाली की खिडकीतनं जायची, ती घंटा होऊन गेली तरी बसायला लागली. आता पोर शाळेतनं वेळेवर घरी येत नाही म्हटल्यावर गावाला संशय येणारच.

दगडोबाची नात अनसूया, दहा वर्षांची. ती भुईमुगाच्या शेंगा फोडायचं सोडून माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, पुस्तक घेऊन बसली. दगडोबानं पुस्तक काढून घेतलं आणि थेट पेशकारांच्या ओसरीवर आला. मी तिथंच होतो. मी बहुधा तिथंच असायचो.

"पेशकारसाब, हे बघा जरा. काय शिकिवतेत ते तरी कळू द्या."

पेशकारांनी पुस्तक घेतलं आणि मी सांगतो, कित्येक वर्षांत त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. चित्रं. शिक्का बघायला नको, जाडी बघायला नको. सगळं समोर दिसतंय. त्यांनी आयुष्यभराच्या सवयीनं पुस्तक उघडलं, म्हणजे उर्दूचं उघडतात तसं, मागच्या बाजूनं. आणि वाचायला लागले, उर्दू वाचतात तसं, उजवीकडनं डावीकडं.

"ही बघ पोरगी. गळ्यात हार हाय. गावानं घातलाय. आता पुढं बघ. ही म्हातारी बाजंवर निजलीय. पोरगी तिच्या तोंडातनं भाकर काढून घेतीय."

"तोंडातनं?" दगडोबा म्हणाला.

"तोंडातनं. आता म्हातारीला उठवली. चालवत नेली. कुठं नेली?" पान उलटलं. "हिरीवर. हे बघ, कंबरला दोर बांधला. सोडली खाली. सोडली... सोडली... आता दोर बी सोडला. म्हातारी पान्यात हात वर करतीय."

"आरं देवा. आन मग?"

पेशकारांनी शेवटचं पान, म्हणजे पहिलं पान, बराच वेळ बघितलं. "मग पोरगी करडाबरुबर खेळतीय. हसतीय."

पेशकारांनी पुस्तक मिटलं. मग पेशकार हळूच म्हणाले, "हार आदीच घातला व्हता, हे ध्यानात घे. म्हंजी सारा गाव सामील हाय."

मी बालबोध वाचणारा माणूस. मला त्यांच्या खांद्यावरनं सगळं सरळ दिसत होतं. पहिल्या पानावर पोर करडाशी खेळते, आजी पाण्याला जाते, पाय घसरून विहिरीत पडते, पोर दोर सोडते, वर काढते, घरी आणते, भाकरी भरवते, आणि गाव तिला हार घालतं. डावीकडनं वाचलं की आजी वाचते, उजवीकडनं वाचलं की मरते. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर ओसरी गेली असती. आणि खरं सांगायचं तर पुढं काय होतंय ते मला बघायचंही होतं.

दिवस मावळायच्या आत ही कथा गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर जो प्रकार दिसला तो मी कधी विसरणार नाही. झाडून सगळ्या म्हाताऱ्या दोघी-दोघींनी आलेल्या. नात बरोबर असलीच तर ती पुढं, दहा पावलं लांब. दगडोबाची बायको कडूबाई तर घराच्या बाहेरच पडेना.

"आजे, दोर कुठंय?" अनसूयानं विचारलं.

"तुला कशाला पायजे दोर?"

"पानी आनायला."

"मला आज तहान न्हाय."

"मला हाय की."

"तू शेजारी पी जा," कडूबाई म्हणाली, आणि दोर ठेवलेल्या रांजणावर पाट टाकून बसली.

दुसरा दिवस, तिसरा दिवस. चौथ्या दिवशी शाळा समितीची बैठक लागली. दुपारची वेळ, शाळेच्याच खोलीत. समितीत आम्ही पाच जण. अध्यक्ष आण्णासाहेब, चाळीस एकरांचा धनी. पानवाला ईरण्णा, दगडोबा, मी आणि पेशकार. समोर चंद्रप्रभाबाई उभ्या, शेजारी ती पेटी.

आण्णासाहेबांनी सुरुवात केली. "चित्रं बघून पोरं अक्षर इसरतेत, बाई. आमच्या वक्ताला पुस्तकात एक बी चित्र नव्हतं. म्हनून आमी शिकलो."

किती शिकलात, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. दुसरीपर्यंत शिकले होते.

ईरण्णानं एक पुस्तक उचलून पान पुढं धरलं. "आन ह्ये काय? हरेकाच्या तोंडातनं धूर निघायलाय. बायकांच्या बी. पोरींना इडी शिकवायलात का?"

"धूर नाही तो, ईरण्णा. बोलणं आहे. आत अक्षरं आहेत बघा."

"धुरात अक्षरं," ईरण्णा आमच्याकडं वळून म्हणाला. "आता तर लईच झालं."

"ते ऱ्हाऊ द्या," दगडोबा म्हणाला. "म्हातारीचं काय ते बोला. आमच्या घरात चार दिस झाले, पानी शेजारनं येतंय."

"कसली म्हातारी?" बाईंनी विचारलं.

"हिरीत ढकललेली."

बाईंना काही कळेना. त्यांनी ते पुस्तक पेटीतनं काढलं. "ह्यात? कुठल्या पानावर ढकललंय, पेशकारसाहेब? दाखवा बरं मला."

पेशकारांनी मोठ्या रुबाबात पुस्तक हातात घेतलं, मागनं उघडलं आणि उजव्या चित्रावर बोट ठेवलं. मग डाव्या. मग पान उलटलं, आणि पुन्हा उजव्या. बाईंचे डोळे त्या बोटाबरोबर चालले होते. तिसऱ्या पानाला डोळे थांबले. बाईंच्या वडिलांची सारी नोकरी जुन्या सरकारात, उर्दूत झालेली. ते घरी पंचांगसुद्धा मागनं उघडायचे, हे पुढं बाईंनीच मला सांगितलं. बाईंना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं.

"बगितलं का?" आण्णासाहेब म्हणाले. "बाईंकडं बोलायला कायबी न्हाय. आता असं करा, पेशकारसाहेब. वर अर्ज करू. ही पेटी जप्त करावी आन बाईंची बदली करावी म्हनून. लिवा. आत्ताच लिवा, समद्यांच्या सह्या, अंगठे होऊन जाऊ द्या."

"लिवतो की. घरी जाऊन निवांत लिवतो."

"घरी कशाला? कागद हाय, टाक हाय, दौत हाय. मराठीत लिवा म्हंजी झालं. आता उर्दू चालत न्हाय."

आण्णासाहेबांनी दौत पुढं सरकवली. पेशकारांनी टाक उचलला. शाईत बुडवला, झटकला. परत बुडवला. मग दुसऱ्या हातानं खिसे चाचपायला लागले.

"काय पायजे?" ईरण्णानं विचारलं.

"चष्मा."

"नाकावरच हाय की."

"व्हय," पेशकार म्हणाले.

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला होता. कागद कोरा होता. बाईंनी नुसतं एवढं म्हणायचं होतं, की बसा, लिहा. पेटी वाचली असती, बदली टळली असती, आणि उद्यापासनं पेशकारांच्या ओसरीवर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं.

"पेशकारसाहेब," बाई म्हणाल्या, "मला कायद्यातलं कळत नाही. पण अर्जाआधी चौकशी लागत नाही का? पुस्तकं आहेत एकवीस. तुम्ही तपासलंय एक."

टाक खाली आला. मी बघत होतो, माणसाच्या अंगात जीव परत येताना कसा दिसतो ते.

"बराबर," पेशकार म्हणाले, आणि आवाज एकदम कचेरीतला. "बिगर चौकशीचा अर्ज म्हंजी हाकिम तोंडावर फेकून मारतो. आण्णासाहेब, तुमचं नाव जाईल. वीस पुस्तकं बाकी हायत."

"मग तपासा," आण्णासाहेब म्हणाले.

"एकट्यानं कसं तपासणार?" बाई म्हणाल्या. "कचेरीत हाकिम काही स्वतः वाचत नाही. पेशकार वाचून दाखवतो, हाकिम ऐकतो. मी वाचून दाखवते. साहेबांनी ऐकायचं."

असं म्हणून त्यांनी पेशकारांना एका वाक्यात हाकिम करून टाकलं. ही बढती त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नव्हती. नाही कसं म्हणणार? चौकशीला एक पंच लागतो म्हणून माझं नाव घालण्यात आलं. त्यासाठी मला आग्रह करावा लागला नाही.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चौकशी बसायची. पहिल्या शनिवारी बाईंनी विहिरीचंच पुस्तक काढलं, डावीकडनं उघडलं, चित्राखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. आजी विहिरीतनं वर आली, भाकरी खाल्ली, पोरीच्या गळ्यात हार पडला. पेशकार एकटक बघत होते.

"बाई," शेवटी म्हणाले, "मग म्या गावभर सांगितलं ते?"

"ते उजवीकडनं होतं."

पेशकारांनी पुस्तक घेतलं, एकदा इकडनं बघितलं, एकदा तिकडनं. "दोन्ही बाजूंनी जुळतंय की."

"जुळतंय. पण फुग्यातलं वाचलं की एकाच बाजूनं जुळतं."

"त्या दिशी तुमी बोलला का न्हाईत? सगळ्यांदेखत?"

"तुम्ही एक अक्षर लिहिलं असतं तर बोलले असते," बाई म्हणाल्या.

पेशकार हसले. चोरी पकडली गेलेला माणूस हसतो तसं, आधी खाली बघून, मग मोठ्यानं. मग माझी आठवण झाली आणि दचकून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पेशकारसाहेब, शरणव्वा आमच्याकडं पापड लाटते." त्यावर ते कानडीत काहीतरी पुटपुटले. अर्थ मी विचारला नाही.

बाईंनी अंकलिपी पुढं केली. ती मात्र त्यांनी हातात घेतली नाही. "अंकलिपी घेऊन बसलो तर गाव म्हनंल, म्हातारा 'क' गिरवतोय. चौकटीचं पुस्तक घेऊन बसलो तर म्हनंल, साहेब तपास करायलेत. मला हेच द्या."

आणि तसंच झालं. रोज सकाळी ओसरीवर ते एक पुस्तक घेऊन बसायचे. ओठ हलायचे, बोट फुग्यावर फिरायचं. करडाचं चित्र म्हणजे 'करडू', विहिरीचं चित्र म्हणजे 'विहीर'. चित्रानं आधी अर्थ सांगायचा आणि मग अक्षर हळूच त्याच्या मागनं यायचं. जोडाक्षराशी त्यांचं वैर होतं. 'म्हातारी' हा शब्द त्यांनी पंधरा दिवस लढवला. लोक कागद घेऊन यायचे तेव्हा म्हणायचे, "दोन दिवसांनी ये, चौकशीचं काम हाय," आणि तो कागद शनिवारी पुस्तकात घालून शाळेत आणायचे. कागद आधी बाई वाचायच्या, मग निम्मा बाई निम्मा ते, मग तेच. वर्ष उलटल्यावर एकदा त्यांनी दगडोबाची नोटीस काहीही न विचारता वाचून दाखवली, तर दगडोबा नाराज झाला. "म्हैस कुनाच्या रानात गेली ते इचारलं बी न्हाय," म्हणाला. "आता पयल्यासारखं मन लावून बघत न्हाईत."

आण्णासाहेब अधूनमधून निकाल विचारायचे. पेशकार म्हणायचे, "तारीख पडली." पेटी शाळेत, बाई शाळेत, पोरं पेटीपाशी. अशा तारखा पडत पडत त्रेसष्ट साल आलं. म्हाताऱ्याही कंटाळून परत एकेकट्या पाण्याला जायला लागल्या.

मग एका दुपारी पेशकारांनी स्वतःहून बैठक बोलवली. डोईला रुमाल, अंगात जुना कचेरीतला कोट, हातात घडी घातलेला कागद. उभे राहिले, कागद उघडला आणि वाचायला लागले. मी शेजारीच होतो, वाकून बघितलं. अक्षरं पावलीएवढी, आखलेल्या ओळीवर एकेक करून बसवलेली, आणि मराठी. सगळं मिळून पाच ओळी.

"एकवीस पुस्तकं दोन्ही बाजूंनी तपासली. धूर आढळला नाही. म्हातारी जिवंत आहे. मुलांनी वाचण्यास हरकत नाही. मोठ्या माणसांनी वाचताना शेजारी एखादं मूल बसवावं."

आण्णासाहेबांनी कागद मागून घेतला, बघितला, ईरण्णाकडं दिला, ईरण्णानं तो उजेडाकडं धरला. शेवटी दगडोबानं बोट ठेवून ओळी मोजल्या.

"पाच वळी," म्हणाला. "पाच वळीला दोन वर्सं लागली, पेशकारसाब?"

"अक्षर वळणावर यायला येळ लागतो, दगडोबा," पेशकार म्हणाले आणि कागद परत घेऊन नीट घडी घालून खिशात ठेवला.

गावानं ते खरं मानलं. बाईंनी पेटीचं झाकण लावायच्या निमित्तानं मान खाली घातली.